ओटीचा व्हिसा

कोल्हापुराहून पेडणं दक्षिणेला आणि मुंबई उत्तरेला. हे आधीच सांगून ठेवतो. कारण आम्हाला जायचं होतं पेडण्याला आणि आम्ही गेलो मुंबईला. ह्यात वाट चुकली असं कुणी समजू नये. वाट बरोबर होती. सरकारी होती.

माझं शाहूपुरीत दोरखंडाचं दुकान आहे. सुंभ, सुतळी, कासरे, चऱ्हाट, पाळण्याचे दोर, विहिरीचे दोर. दोर हातात घेऊन ओढला की त्याची जात कळते. कागद ओढून बघता येत नाही, ही माझी जुनी अडचण. अक्षरं मी उशिरा शिकलो. माझी एकुलती लेक कालिंदी तिसरीत होती तेव्हा तिनं तिच्याच पाटीवर मला ती शिकवली. मास्तरीण कडक होती. 'ळ' उलटा काढला की पट्टी उगारायची आणि आई बघत नाही असं बघून गूळ पण द्यायची.

ही कालिंदी आम्ही पेडण्याला दिली. जावई वसंतराव नारळसुपारीच्या धंद्यातले, स्वभावानं मऊ. लग्न झालं तेव्हा पेडणं गोव्यात आहे आणि गोवा पोर्तुगिजांचा आहे, हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते आपलं पावसाळा ठाऊक असतो तसं. जवळच्या मलकापूरला जावं तसं आम्ही जात होतो. सकाळची मोटार धरायची, आंबोलीचा घाट उतरायचा आणि दिवस मावळायला जावयाच्या ओसरीवर टेकायचं. हद्दीवर एक शिपाई असायचा. तो पिशवीत डोकावायचा, भडंगाचा एक बकाणा भरायचा आणि जा म्हणून हात हलवायचा. त्याला आम्ही ओळखत होतो, तो भडंगाला ओळखत होता.

मग गोव्याच्या चळवळीनं जोर धरला. सत्याग्रह्यांचे जथे हद्दीवर जायला लागले. पंचावन्न साल उजाडलं तोवर असं झालं, की इकडून बाहेर पडायला आपल्या सरकारचा परवाना आणि तिकडं आत शिरायला त्यांच्या सरकारचा व्हिसा. त्यात वसंतरावांचा एक चुलतभाऊ चळवळीत पकडला गेलेला. त्यामुळं त्या घरातल्या कुणालाच हद्द ओलांडून इकडं येऊ देत नव्हते.

अशात एक दिवस कालिंदीचं पत्र आलं. आमच्या हिला, म्हणजे चिमणाबाईंना, वाचता येत नाही. मी पोस्टमनसमोर जरा खाकरून मोठ्यानं वाचलं. सगळं खुशाल होतं. शेवटी लिहिलं होतं, 'आईला सांगा, मला सारखी काकवी खावीशी वाटते. गुऱ्हाळावरची, कोमट, भाकरीवर ओतलेली. दुसरं काही नको वाटतं.'

"एवढंच व्हय?" मी म्हणालो. "एक डबा पाठवू की पार्सलानं."

बघतो तर ही चुलीपुढं बसल्या जागी पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती. दोन्ही एकदम.

"इतकं वाचायला शिकलासा," ती म्हणाली, "खरं कळत मातर काय बी न्हाई. लेकीला दिवस गेल्यात तुमच्या."

पोस्टमन तिथंच उभा होता. मी एकदम दुकानाकडं निघालो. परक्या माणसापुढं असलं बोलणं आमच्या घरात होत नाही. मी जन्मलो हे माझ्या आज्याला, बारशाला पाळणा बांधायला दोर मागितला, तेव्हा कळलं होतं.

आता अडचण बघा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पोरीला येऊ देत नाहीत. मग निदान सातव्या महिन्याची ओटी तरी माहेरच्या हातनं भरली पाहिजे. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, नारळ, आणि ह्या खेपेला काकवी. हिनं ठरवून टाकलं.

"ती येत न्हाई तर आपण जायाचं. आणि सातवा सरायच्या आत जायाचं. आठव्यात ओटी भरत न्हाईत."

"सरकारला सातवा-आठवा कळतोय व्हय?"

"सरकारला आई न्हाई काय?"

म्हणून मी बाळासोकडं गेलो.

बाळासो म्हणजे आमच्या शेजारचा. त्याला सगळ्या कचेऱ्या पाठ. कुठल्या कचेरीत त्याचं काम झालंय असं मी ऐकलेलं नाही, पण जिने, खिडक्या आणि शिपायांची नावं त्याला पाठ. तो म्हणाला, "अप्पा, व्हिसा म्हंजे काय? पायपुसणं. दारात पाय पुसायचं आणि आत जायाचं. माझ्यावर सोडा."

मी त्याच्यावर सोडलं. ही पहिली चूक.

आधी फोटो. शाहूपुरीतल्या फोटोवाल्याकडं आम्ही दोघं गेलो. बाळासो म्हणाला, दोघांचा मिळून एकच काढा, जोड्यानं बरा दिसतो. फोटोवाल्यानं मागं राजवाड्याचा आणि कारंज्याचा पडदा सोडला, आम्हाला एका बाकावर बसवलं आणि "जवळ सरा, आणि जवळ" म्हणत राहिला. लग्नात आमचा फोटो निघाला नव्हता. एवढ्या लोकांदेखत, एवढ्या जवळ आम्ही त्याच्या आधी कधी बसलो नव्हतो. हिचे कान लाल झाले होते. फोटोत ते काळे आले.

कचेरीत कळलं की फोटो वेगवेगळे पाहिजेत. मी म्हणालो, परत काढू. ही म्हणाली, "एकदा बसले. परत न्हाई. लोकं बघत हुती." शेवटी श्रेणिकशेठनी तोड काढली. श्रेणिकशेठ म्हणजे माझ्या दुकानाला लागून कापडाचं दुकान असलेले. इंग्रजी जाणणारे, शांत, आणि कात्री कायम हाताशी. त्यांनी कापड फाडावं तसा तो फोटो मधोमध सरळ कापला. पण माणसं काही कापडासारखी सरळ बसत नाहीत. माझं डावं कोपर हिच्या बाजूला गेलं. माझ्या फोटोत मी लढाईतून आल्यासारखा दिसत होतो आणि हिच्या फोटोत कारंज्यातून एक कोपर वर आलं होतं.

"हे चालंल?" मी विचारलं.

"चेहरा तर पुरा आहे," श्रेणिकशेठ म्हणाले. "अर्जात कोपराचा रकाना नाही."

मग चालचलणुकीची चौकशी. त्यासाठी गुंडू हवालदार आमच्या गल्लीत आला. पोलीस दारात उभा म्हटल्यावर गल्ली गोळा झाली. सगळ्यांना माझं भलं करायचं होतं, हे मी आजही मान्य करतो. समोरच्या झुंबरबाईंनी तर त्याला बसायला पाट दिला.

"अप्पांसारखा माणूस न्हाई," त्या म्हणाल्या. "कधी कुणाच्या अंगावर गेला न्हाई."

हवालदारानं लिहून घेतलं.

"एकदाच गेलता. नळावर."

हवालदारानं मान वर केली.

"आता त्यो मेला होताच तसला! माझी घागर ढकलली त्यानं. तर अप्पांनी त्याला कासऱ्यानं नळालाच बांधला. दुपारपतोर. लई चांगला माणूस!"

हवालदार माझ्याकडं बघत म्हणाला, "पावणं, हे बी लिव्हू काय?"

शेवटी त्याला दुकानातला चांगल्यातला चांगला कासरा दाखवावा लागला. म्हणजे ज्या कासऱ्यानं बांधलं तसला. त्यानं तो ओढून बघितला, "दोर झ्याक हाय" म्हणाला, आणि मला निर्मळ चालीचा माणूस म्हणून लिहून गेला.

इकडच्या सरकारचा परवाना हातात आला तोवर कालिंदीला सहावा सरत आला होता. व्हिसासाठी मात्र आम्हाला मुंबईच्या वकिलातीत बोलावलं होतं. तिथं साहेब स्वतः प्रश्न विचारणार. ही बातमी गल्लीत पोचली आणि त्या संध्याकाळी आमच्या सोप्यात तालीम भरली.

बाळासोनं आमच्याकडं राहिलेला जावयाचा लग्नातला कोट घातला आणि खुर्चीवर बसून तो साहेब झाला. झुंबरबाई आणि इतर बायका उंबऱ्यापलीकडं बसल्या.

"नाव?"

"नृसिंह."

"धंदा?"

"दोर."

"कशाला येतासा आमच्या मुलखात?"

उंबऱ्यापलीकडं बायका, इकडं पुरुष, आणि मधी हा प्रश्न. मी हिच्याकडं बघितलं.

"खरं सांगा की," ही आतनं म्हणाली.

"माझ्या तोंडानं? चारचौघात?"

श्रेणिकशेठ खाली बघत कोटाच्या गुंडीशी चाळा करायला लागले. बाळासोलाही अवघड झालं असावं. कारण तो साहेबाचा एकदम बाळासो झाला. "हवापालट म्हणा. मोठी माणसं हेच सांगतात. डॉक्टरनं सांगितलंय, समुद्राची हवा पाहिजे. झालं!"

सगळ्यांना ते पटलं. सभ्य होतं, आजारपणाचं होतं, आणि त्यात कुणाचं पोट येत नव्हतं. हिनं मात्र आत भांडं जोरात आपटलं. ते मी ऐकलं. मनावर घेतलं नाही. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. महत्त्वाची बोलणी करायला एकटं जायचं नसतं. सोयरीक असो, बैल घ्यायचा असो, वाटणी असो, दोन शहाणी माणसं बरोबर लागतात. एकटा गेला की समोरच्याला वाटतं, ह्याच्यामागं कुणी नाही. म्हणून मुंबईला आम्ही दोघं, बाळासो आणि श्रेणिकशेठ असे चौघं निघालो. रिकाम्या हातानं जायचं नसतं हीही रीतच. म्हणून साहेबासाठी काकवीची किटली. लेकीसाठी आणलेल्यातलीच, नव्या गुळाची, तोंडाला फडकं बांधलेली. पुण्याला गाडी बदलताना ती बाळासोनं डोक्यावर धरली होती. आमची कोल्हापूरची गाडी लहान रुळांची आणि पुढची मोठ्या रुळांची. किटली मात्र तीच.

वकिलातीत बाकावर बरीच माणसं बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आमचा पुकारा झाला. दारातल्या शिपायानं विचारलं, "सगळे?"

"सगळे," बाळासो म्हणाला.

आत टेबलामागं पोर्तुगीज साहेब, आणि बाजूला एक म्हातारा गोवेकर कारकून, काळ्या कोटातला. साहेबाचं बोलणं तोच आम्हाला मराठीत सांगणार होता. बाळासो पुढं झाला. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, ती त्यानं सरळ केली आणि कोल्हापुरात कुठल्याही साहेबापुढं गेल्यावर तो जे म्हणायचा तेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाला.

"जय हिंद, साहेब!"

साहेबाची लेखणी थांबली. बाहेरच्या बाकावरचं एक मूल रडायला लागलं.

कारकुनानं हळूच विचारलं, "ही बाकीची माणसं कोण?"

"बोलणी करायला आल्यात," मी म्हणालो.

"कसली बोलणी?"

कसली ते मलाही नीट सांगता येईना. कारकुनानं साहेबाला काय सांगितलं कोण जाणे, पण त्यात कोल्हापूर हा शब्द आला आणि साहेबानं आम्हाला एकदा मोजलं. जथ्याला मोजतात तसं.

"कशासाठी जाता?" कारकुनानं विचारलं.

तालमीत झालं होतं तसंच झालं. ही शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. एक क्षण, खरं सांगतो, शब्द ओठावर आले होते. पण समोर परका पुरुष, मागं श्रेणिकशेठ आणि बाळासो.

"हवापालट," मी म्हणालो.

साहेबानं काहीतरी विचारलं. कारकून म्हणाला, "साहेब विचारतात, कोल्हापूरची हवा वाईट आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत बाळासो उसळला. "कोल्हापूरची? साहेब, असली हवा आख्ख्या हिंदुस्थानात न्हाई! पन्हाळ्यावर उभं ऱ्हावा, दोन भाकरी जादा जात्यात!"

कारकुनानं ते सगळं इमानानं साहेबाला सांगितलं असावं. साहेब बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. ज्याच्या गावची हवा सगळ्यात चांगली तो हवा खायला दुसरीकडं का जातो, हा प्रश्न मलाही तेव्हाच पहिल्यांदा पडला.

"मग आत्ताच का जायचं?" कारकुनानं पुन्हा विचारलं. आवाजात आर्जव होतं. त्याला माझ्याकडून काहीतरी बरं ऐकायचं होतं. मी छताकडं बघितलं. छत उंच होतं.

हा अवघड क्षण निभावायला बाळासोनं किटली टेबलावर ठेवली आणि फडकं सोडलं. "साहेबांसाठी. घरचीच समजा."

साहेबानं आत डोकावलं. काळसर, चिकट, हलत नाही असं काहीतरी. त्यानं खुर्ची मागं सरकवली. श्रेणिकशेठनी घाईनं इंग्रजीत खुलासा केला की ही ऊस आटवून केलेली गोड वस्तू आहे. तेव्हा साहेबाचा चेहरा आधी सुटला आणि मग जास्तच आवळला. कारण बाँब नाही म्हटल्यावर राहिली ती लाच. कारकुनानं किटली दोन्ही हातांनी उचलून आमच्याकडं परत केली. करताना त्यानं वास घेतला आणि घोट गिळला, हे मी बघितलं.

मग हिची पाळी.

"नाव?"

"चिमणाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

ही गप्प. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, आणि आमचं नाव पडलं देवाचं. त्यामुळं ही शिरोळजवळच्या नरसोबाच्या वाडीलासुद्धा आयुष्यभर 'नदीकडची ती वाडी' म्हणत आलेली. साहेबानं पुन्हा विचारलं. ही बांगड्या सारख्या करत बसली. साहेबानं माझ्याकडं बोट करून काहीतरी म्हटलं. कारकून ओशाळून म्हणाला, "साहेबांना शंका आहे, की हे तुमचे यजमानच आहेत ना?"

माझा जो काही मान उरला होता तो तिथं संपला.

"उखाणा घ्या, बाई," कारकून कळवळून म्हणाला. "त्यात चालतं ना नाव?"

"उखाणा हळदीकुंकवाला घ्यायचा असतोय," ही म्हणाली. "कचेरीत न्हवं."

आणि ती उठली. साहेबाच्या टेबलापाशी गेली. अर्जांना टाचलेले आमचे दोन्ही फोटो तिनं टाचणी काढून सोडवले आणि साहेबापुढं एकमेकांना लावून ठेवले. कारंजं जुळलं. राजवाडा जुळला. माझं कोपर जाऊन माझ्या हाताला लागलं.

"हे माझं," ती कोपरावर बोट ठेवून म्हणाली. "म्हंजे त्यांचं. आता बोला."

साहेब हसला. पहिल्यांदाच. मग त्यानं कारकुनाकरवी विचारलं, की बाई, तुम्ही तरी सांगा, कशाला जाता?

"मी आई हाय," ही म्हणाली. "सातवा सरायच्या आत आईनं लेकीकडं कशाला जायाचं असतंय, ते साहेबांच्या आईला इचारा म्हणावं."

कारकुनानं ते सांगितलं. सांगताना त्याचा आवाज बदलला होता. साहेबानं लेखणी खाली ठेवली, हिच्या अर्जावर शिक्का मारला आणि माझा अर्ज बाजूला सारला.

"आणि अप्पांचा?" बाळासोनं विचारलं.

"बाईंना मिळाला," कारकून हळू आवाजात म्हणाला. "हे दिवस वाईट आहेत हो. का जातो हे ज्याला सांगता येत नाही, त्याला आत सोडत नाहीत."

अजूनही वेळ होती. मला तेव्हाही बोलता आलं असतं. पण जिभेला अशी गाठ बसली होती की ओढावं तेवढी आवळत जाणारी. असल्या गाठी मी दुकानात दिवसभर सोडवतो. साहेबानं पुढचा कागद घेतला. नवा अर्ज करावा तर चौकशीपासून सगळं पुन्हा, आणि तोवर आठवा लागला असता.

परतीच्या गाडीत बाळासो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. ही मला काहीतरी बोलेल, निदान भांडेल, म्हणून मी मिरजेपर्यंत वाट बघितली. मिरजेला ती म्हणाली, "किटली सांडली न्हाई न्हवं, बघा." एवढंच. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

हिनं आयुष्यात एकटीनं प्रवास केला नव्हता. म्हणून हद्दीच्या नाक्यापर्यंत मी सोडायला गेलो. हिरवं लुगडं, चुडा, नारळ, खण, टोपडी-दुपटी आणि काकवीची नवी किटली. आंबोलीचा घाट उतरताना मी ती मांडीवर धरली होती. लेकीला लहानपणी मोटार लागायची तेव्हा तिला धरायचो तशी.

नाक्यावर इकडं आपला बांबू आडवा, तिकडं त्यांचा. मधी थोडी मोकळी लाल वाट. वसंतरावांना पत्र गेलं होतं. पलीकडच्या बांबूमागं त्यांची बैलगाडी उभी होती, विहीणबाई होत्या, आणि त्यांच्या आधारानं कालिंदी उभी होती. अंगानं भरली होती. एक हात कमरेवर. तिची आई तिच्या वेळी अशीच उभी राहायची.

ही आपला बांबू ओलांडून गेली. कागद दाखवला, शिक्का दाखवला, पलीकडं पोचली. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी इकडं बांबूला धरून उभा. आता त्या गाडीत बसून जातील आणि मी संध्याकाळची मोटार धरीन, असा माझा हिशेब होता.

पण ही गाडीत बसेना. ती विहीणबाईंशी काहीतरी बोलत होती आणि माझ्याकडं हात करत होती. विहीणबाईंनी आधी मान नाही म्हणून हलवली, मग माझ्याकडं बघितलं, मग होय म्हणून हलवली. वसंतराव चौकीत गेले आणि तिथल्या अंमलदाराची खुर्ची उचलून घेऊन आले. मागोमाग अंमलदार आला. काय चाललंय ते त्याला कळेना. ती खुर्ची रस्त्यात, माझ्याकडं तोंड करून मांडली आणि तिच्यावर कालिंदीला बसवलं.

ओटी भरायला पाच सवाष्णी लागतात. ह्या दोघीच. हिनं इकडंतिकडं बघितलं. नाक्यावर डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका तपासणीसाठी रांगेत उभ्या होत्या. त्यांतल्या तिघींना हिनं हाक मारली. त्यांनी पाट्या खाली ठेवल्या, पदरांना हात पुसले आणि आपल्या घरचं कार्य असल्यासारख्या पुढं आल्या.

मी बांबूवरनं वाकत गेलो असेन. आपल्या बाजूचा पोलीस ओरडला, "ओ पावणं! मागं सरा! कोण हाय तुमचं तिकडं?"

आणि गाठ सुटली. कशी ते माहीत नाही.

"माझी लेक हाय ती!" मी ओरडलो. "सातवा सरत आलाय तिला! पहिलटकरीण हाय! ओटी भराय लागलीया तिची आई, दिसत न्हाई व्हय तुला?"

अख्खा नाका माझ्याकडं बघायला लागला. दोन्हीकडचे पोलीस, गाडीवाले, पाटीवाल्या. कालिंदीनं लाजून पदरात तोंड लपवलं आणि तिचे खांदे हसण्यानं हलायला लागले. आणि पलीकडनं, नारळ हातात तसाच धरून, आमची ही जन्मात ओरडली नव्हती एवढ्या मोठ्यानं ओरडली.

"हे मुंबईत सांगायला काय झालं हुतं?"

पोलिसानं बांबूला टेकवलेली आपली काठी काढून घेतली. मला टेकायला जागा झाली.

मग हिनं लेकीला हळदकुंकू लावलं. हिरवा चुडा भरला. एकेक करत पाचही जणींनी तांदूळ, खण, नारळ तिच्या पदरात घातले. शेवटी किटलीचं फडकं सोडून हिनं बोटभर काकवी तिला चाटवली. अंमलदार अजून आपल्या खुर्चीकडं बघत उभा होता, त्यालाही एका पाटीवालीनं बोटभर दिली. कालिंदी जपून उठली, माझ्या बाजूला तोंड करून पदर धरून वाकली, आणि मी इकडून हात वर केला. आशीर्वाद द्यायचा तो तोंडानं द्यायचा असतो. पण माझ्याजवळ होतं तेवढं सगळं मी नुकतंच ओरडून टाकलं होतं.

गाडी वळणाआड गेली तोवर मी बांबू धरून होतो.

आमच्याकडं ओटी भरताना पुरुषानं घरात थांबायचं नसतं. हे कार्य कोल्हापुरात झालं असतं तर झुंबरबाईंनी मला सकाळीच दुकानावर हाकललं असतं, आणि संध्याकाळी ताटात उरलेली बर्फी बघून काय झालं ते मी ओळखलं असतं. माझ्या बापानं त्याच्या लेकीची ओटी बघितली नाही, त्याच्या बापानं बघितली नाही. आमच्या गल्लीत विचाराल तर लेकीची ओटी भरताना बघितलेला बाप मी एकटाच. तेही साहेबानं मला आत सोडलं नाही म्हणून.

कोल्हापुरात उतरलो तेव्हा बाळासो मोटारस्टँडवर येऊन थांबला होता. डोक्यावर टोपी नव्हती. त्यानं माझी पिशवी घेतली. शाहूपुरीच्या वळणावर त्यानं खाली बघतच विचारलं, "मग, अप्पा? झाला का हवापालट?"

"झाला की," मी म्हणालो.